नागपुरात बांधकामावर नवीन लागताय? छाती, कान, हात सांभाळायची कामं पहिल्या आठवड्यातच करा

मी १९ वर्षं बांधकामावर आहे. त्यातली ११ वर्षं ग्रॅनाइट आणि टाइल्स कापण्यात गेली, आधी हेल्पर म्हणून आणि मग मिस्त्री म्हणून. आता माझ्याकडे १२-१५ माणसं असतात आणि बेसा, बेलतरोडी, जामठा या पट्ट्यात फरशीची कामं घेतो. दिवाळी झाली की बालाघाट, गोंदिया, राजनांदगावकडून नवी पोरं येतात. परांचीवरून पडू नको, उघड्या वायरला हात लावू नको, हे त्यांना कोणीही सांगतं. पंधरा वर्षांनी काय होतं ते कोणी सांगत नाही.

मला कटर धरायला शिकवलं ते माझ्या मोठ्या काकांनी. पन्नाशीच्या आतच जिना चढताना त्यांना दम लागायला लागला. एका खासगी डॉक्टरनं एक्स-रे पाहून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिन्यांचा कोर्स झाला, पुढच्या वर्षी पुन्हा तोच, मग तिसऱ्यांदा. थुंकीत टीबीचे जंतू एकदाही सापडले नव्हते. शेवटी एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी विचारलं, "काम काय करता?" काका म्हणाले, "मजुरी." बाईंनी सोडलं नाही. "मजुरीत नेमकं काय?" "दगड कापतो." तिथून निदान बदललं. सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते, तिथं गाठी होतात, आणि हळूहळू फुप्फुस कडक होतं. त्यातून बरं करणारं औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढं सरकू शकतो.

तुम्ही नव्यानं लागत असाल, किंवा तुमचा भाऊ, भाचा, घरची बाई साइटवर जात असेल, तर खालच्या क्रमानं चला.

१. आधी धूळ ओळखा

डोळ्यांना जो ढग दिसतो त्यापेक्षा न दिसणारी धूळ जास्त वाईट. जाड कण नाकात, घशात अडकतात आणि शेंबडासोबत, थुंकीसोबत बाहेर येतात. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात. कटर बंद झाला, हवा स्वच्छ दिसायला लागली, म्हणून मास्क काढून त्याच खोलीत डबा उघडायचा, ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

सिलिका असते रेतीत, ग्रॅनाइटमध्ये, काँक्रीटमध्ये, विटांत, टाइल्समध्ये. आपली कन्हानची रेती काय आणि कोराडी-खापरखेड्याच्या राखेच्या विटा काय, कोरडं कापलं की छातीला धोका आहेच. संगमरवरात सिलिका कमी असते. किचन ओट्याला हल्ली जो तयार क्वार्ट्झ बसवतात त्यात ती ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते. त्यामुळं क्वार्ट्झ कोरडा कापायचा नाही म्हणजे नाही. साध्या दगडकामात आजार दिसायला १०-२० वर्षं लागतात. धूळ फार असेल तर पाच वर्षांतही माणूस आजारी पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली सिलिकाची धूळ कर्करोग करणारी म्हणून नोंदवली. टीबी होण्याची शक्यताही तिच्यामुळं कितीतरी वाढते.

साइटवर धूळ कोणाला लागते, असं विचारलं तर सगळे कटरवाल्या मिस्त्रीकडं बोट दाखवतात. मी सुद्धा बरीच वर्षं तेच समजत होतो. मग एकदा दिवसभर नीट बघत बसलो. मिस्त्री तासाभरात कटिंग संपवून गेला. त्यानंतर एक रेजा केरसुणी घेऊन आली आणि तीन खोल्या कोरड्या झाडल्या. तीच बाई सकाळी रेती चाळत होती, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या झटकत होती. तोंडावर फक्त लुगड्याचा पदर. तिचं लेकरू त्याच मजल्यावर झोळीत झोपलेलं. म्हणून झाडणारी, चाळणारी आणि मलबा उचलणारी माणसं यादीत सगळ्यात वर ठेवा. तसेच भिंतीत वायरिंगची झिरी मारणारे, काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवणारे, फरशीची कोरडी घिसाई करणारे आणि पुट्टी घासणारे.

२. मास्कच्या आधी पाणी

धूळ उडूच दिली नाही तर मास्कवरचा भार कमी होतो. मुकादमाशी पहिल्या दिवशी बोलायचं ते यावर.

टाइल्स सरळ रेषेत कापायच्या असतील तर हाताचा टाइल कटर वापरा. रेघ ओढायची आणि दाबून मोडायची. धूळ जवळजवळ उडत नाही, विजेचीही गरज नाही. नवी पोरं याला मागासलेलं समजतात, पण माझ्या कामावर निम्म्याहून जास्त कटिंग यानंच होतं.

ग्रॅनाइटला मशीन लागतंच. त्यासाठी पाण्याची नळी जोडायची सोय असलेला कटर घ्या. इथं एक जिवावरचा धोका आहे: साध्या ग्राइंडरवर दुसऱ्यानं बाटलीनं पाणी ओतत राहायचं, ही पद्धत सर्रास दिसते. ते मशीन पाण्यासाठी बनवलेलं नसतं. फुप्फुस वाचवायला जाऊन शॉकनं माणूस जायचा. पाण्याचं काम करायचं तर बोर्डवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवी, अर्थिंग हवं, तीन पिनांचा प्लग हवा आणि पायात रबरी बूट हवेत. वायरचा जोड पाण्यात पडलेला दिसला की काम थांबवा.

कटिंगची जागा एकच ठरवा, शक्यतो बाहेर, वारा पाठीवर घेऊन. झाडण्याआधी पाणी शिंपडा. रेती ओली करून चाळा. गोण्या झटकू नका, घडी करून बाजूला ठेवा. याला एक पैसा लागत नाही.

"वेळ जातो" असं ठेकेदार म्हणेल. ओल्या कटिंगनं चिखल होतो आणि तो पुसावा लागतो, हे खरं आहे. पण घरमालकाला स्वच्छ खोली मिळते, शेजारी भांडायला येत नाहीत. मी ठेकेदारांना हेच सांगून पटवतो, कारण मजुराच्या छातीचं नाव काढलं तर बरेचजण ऐकत नाहीत.

३. मास्क: कोणता, कसा, कधी फेकायचा

दुपट्टा किंवा गमछा तोंडाला बांधून भागत नाही. सर्जिकल मास्कनंही नाही. पाकिटावर आणि मास्कवर आयएसआयचा शिक्का, खाली आयएस ९४७३ हा क्रमांक आणि एफएफपी२ असं लिहिलेलं हवं. पुढं छोटा व्हॉल्व्ह असेल तर नागपूरच्या उन्हात श्वास सोपा जातो. इतवारीत लोहाओळीच्या आसपास हार्डवेअरची आणि सेफ्टीच्या सामानाची दुकानं आहेत, तिथं विचारा. फुटपाथवरचे शिक्का नसलेले मास्क घेऊ नका. कानात अडकवायच्यापेक्षा डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो.

बसला की नाही ते असं तपासा: दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेनं डोळ्यांकडं हवा आली तर नाकावरची पट्टी दाबा, पट्टे ओढा, पुन्हा बघा. दाढी वाढलेली असेल तर मास्क बसत नाही, कडेनं धूळ जातेच. आमच्याकडं कटिंगचा दिवस असेल तर पोरं सकाळी दाढी करून येतात.

श्वास घ्यायला जड जायला लागलं, मास्क ओला झाला, पट्टा सैल झाला की फेका. मधल्या सुट्टीत गळ्यात लटकवू नका, आतल्या बाजूला धूळ बसते. झाकणाच्या डब्यात ठेवा. रोज कटिंगचंच काम असेल तर फिल्टर बदलता येणारा रबरी मास्क घ्या, वर्षाच्या हिशोबात तोच स्वस्त पडतो.

आता खर्र्याचं (तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या मिश्रणाचं) बोलतो, कारण नागपुरात त्याशिवाय मास्कचं बोलणं पूर्ण होत नाही. तोंडात खर्रा असला की दर पाच-दहा मिनिटांनी थुंकायला मास्क खाली येतो. सिमेंटच्याच हातानं पन्नी उघडली जाते. तोंडाच्या कर्करोगाचं तर वेगळं सांगायला नको. माझ्या कामावर मास्क लावून काम करायच्या वेळेत खर्रा बंद आहे. सुरुवातीला दोन जण सोडून गेले. त्यातला एक परत आला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसावर सिलिकाचा मार दुप्पट बसतो असं समजूनच चाला.

जुने मिस्त्री म्हणतील, "काही नाही होत भाऊ, वीस वर्षांपासून खाऊन राहिलो धूळ." त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही मास्क लावा.

४. पहिल्याच आठवड्यात छातीचा फोटो काढून ठेवा

काही झालेलं नसताना एक्स-रे कशाला, असं सगळे विचारतात. पाच वर्षांनी काढलेल्या फोटोशी ताडून बघायला आजचा फोटो लागतो. सुरुवातीचा सिलिकोसिस एका एक्स-रेवर सहज निसटतो; दोन फोटो शेजारी लावले की फरक दिसतो.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, मिहानजवळ एम्स आहे. छातीच्या विभागाच्या ओपीडीत जा. काम सांगून या तपासण्या मागा:

- छातीचा एक्स-रे
- पीएफटी, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी
- ब्रेकर किंवा ग्राइंडर चालवणार असाल तर कानाची तपासणी
- रक्तदाब, साखर, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन

दवाखान्यात केसपेपर काढताना व्यवसायाच्या रकान्यात "मजूर" लिहू देऊ नका. "ग्रॅनाइट कटिंग, ४ वर्षं" असं लिहायला सांगा. लाज वाटायचं काही कारण नाही, दोनदा सांगा. त्यानंतर दर वर्षी, धुळीचं काम नसेल तर दोन वर्षांनी, पुन्हा तपासा. एक्स-रेची फिल्म किंवा सीडी आणि रिपोर्ट घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या दुसऱ्या माणसालाही पाठवा, कारण साइटवर मोबाइल फुटतात.

५. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतला जातो आणि तो पैसा महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं जमा होतो. तो तुमच्यासाठी आहे. सुरक्षा संच, आरोग्य तपासणी, मुलांना शिष्यवृत्ती, गंभीर आजाराच्या उपचाराला १ लाख रुपये, ७५ टक्के कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख, अशा योजना आहेत. वय १८ ते ६० हवं आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेलं हवं.

कागदपत्रं:

- आधार कार्ड, आणि त्याला जोडलेला चालू मोबाइल नंबर
- वयाचा पुरावा
- राहण्याचा पुरावा
- ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बँक पासबुक
- रेशन कार्ड (महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही कामी येतं)

अडतं ते ९० दिवसांच्या प्रमाणपत्रावर. ते ठेकेदार किंवा विकासक देतो; नसेल तर गावात ग्रामसेवक, शहरात महानगरपालिकेचा अधिकारी. ठिय्यावर उभे राहून रोज वेगळ्या माणसाकडं जाणाऱ्याला हे मिळवणं खरंच अवघड आहे, आणि याच अडचणीवर दलाल जगतात. "हजार-दोन हजार दे, सगळं करून देतो" म्हणणारा भेटेलच. नोंदणीची फी नाममात्र आहे. खोटं प्रमाणपत्र लावलं तर पुढं दावा करायच्या वेळी तेच अंगावर येतं. ओटीपी कोणालाही सांगू नका, अंगठा कुठं लावताय ते वाचून घ्या. अर्ज मंडळाच्या वेबसाइटवर ऑनलाइन होतो. जमत नसेल तर कामगार विभागाच्या कार्यालयात किंवा कामगार सुविधा केंद्रात जा.

नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. हे विसरल्यामुळं आजाराच्या वेळी कार्ड बंद निघालेली माणसं मी पाहिली आहेत. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

६. ऊन: पहिले आठ-दहा दिवस सगळ्यात धोक्याचे

मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, हे नागपूरकराला सांगायला नको. बाहेरून आलेल्याला सांगावं लागतं. अंगाला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर पूर्ण पाळी करू नका. सकाळी सहाला सुरू करा, दुपारी १२ ते ४ सावलीत थांबा, स्लॅब असेल तर वेळ आधीच ठरवून घ्या. दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर पाणी, तहान लागो न लागो. सोबत ताक, पन्हं, मीठ-साखरेचं पाणी. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

उष्माघात सगळ्यांना माहीत असतो. किडनीचं कोणाला माहीत नसतं. वर्षानुवर्षं पाण्याशिवाय उन्हात राबल्यानं किडनी हळूहळू खराब होते. त्यात संध्याकाळी कंबर दुखते म्हणून मेडिकल स्टोअरमधून दुखण्याची गोळी रोज घेतली जाते. पाणी कमी आणि वरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन, ही जोडी किडनीला फार वाईट. गोळी रोज लागत असेल तर ती बंद करून डॉक्टरकडं जा.

७. हात, कान, कंबर, घर

सिमेंट हात खातं, हे जुने लोकही मान्य करतात. ओलं सिमेंट कातडी जाळतं, आणि त्यातल्या क्रोमियममुळं एकदा का खाज-चट्ट्यांची अॅलर्जी लागली की थोड्या सिमेंटनंही उठते. रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, गुडघ्यावर बसून काम असेल तर गुडघ्याला रबर बांधा. आत सिमेंट शिरलं तर लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा, सुट्टी होईपर्यंत थांबू नका.

एका हाताच्या अंतरावर ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कानाला घातक आहे. इअर प्लग २०-३० रुपयांत येतात. गेलेलं ऐकणं परत येत नाही. ब्रेकर सतत धरल्यानं बोटं बधिर, पांढरी पडायला लागली तर काम वाटून घ्या.

सिमेंटची गोणी ५० किलोची. दोघांनी उचला.

जुन्या घराचं छप्पर काढताना सिमेंटच्या पन्हाळी पत्र्यांत अॅस्बेस्टॉस (छातीला घातक बारीक तंतू) असतो असंच धरा. ग्राइंडर लावू नका, वरून फेकून फोडू नका. ओले करून अख्खे उतरवा. तसाच जुना रंग. २०१७ पासून घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली, त्याआधीचा रंग कोरडा खरवडला तर शिसं उडतं.

साइटचे कपडे घालून लेकराला उचलू नका. ते साइटवरच बदला, वेगळे धुवा.

८. साइटची वही, आणि खोकला लागलाच तर

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, जिन्यावर दम, वजन उतरणं, यातलं काही असेल तर वर सांगितलेल्या ओपीडीत जुना एक्स-रे घेऊन जा. टीबीची थुंकीची तपासणी करून घ्या, कारण दोन्ही आजार एकत्रही असतात. थुंकीत जंतू सापडत नसताना गोळ्यांचा दुसरा कोर्स सुरू होत असेल तर डॉक्टरांना धुळीच्या कामाची वर्षं पुन्हा सांगा. सिलिकोसिस निघाला तर निदान लेखी घ्या आणि धुळीचं काम त्याच दिवशी थांबवा.

नुकसानभरपाईच्या कायद्यात सिलिकोसिस हा कामातून होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्नाच्या माणसाला तिथून मोफत वकील मिळतो. मात्र वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: कोणाकडं, कुठं, किती दिवस?

काकांच्या वेळी आम्ही दोन संध्याकाळ बसलो होतो. मी विचारत होतो, ते सांगत होते. धरमपेठेतल्या बंगल्यात काळा ग्रॅनाइट, मानेवाड्याच्या घरात जिन्याला तांबडा दगड, एका हॉलच्या मधोमध बसवलेलं कमळ. कोणत्या घरात कोणता दगड लावला ते त्यांना सगळं आठवत होतं. ठेकेदाराचं पूर्ण नाव एकाचंही नाही.

म्हणून माझ्या प्रत्येक माणसाकडं दहा-पंधरा रुपयांची एक वही असते. ९० दिवसांच्या प्रमाणपत्रालाही तीच कामी येते. लिहिता येत नसेल तर घरच्या शाळेत जाणाऱ्या लेकराकडून लिहून घ्या. एक नोंद एवढीच:

*३ डिसेंबर ते २० जानेवारी. बेलतरोडी, तीन मजली घर. घरमालकाचं नाव, ठेकेदाराचं पूर्ण नाव, मोबाइल. काम: ओटा आणि जिना, ग्रॅनाइट कटिंग. २९ दिवस पाण्यानं, ६ दिवस कोरडं. मास्क स्वतःचा. मजुरी रोख. सोबत कोण होतं त्यांची नावं.*